सासऱ्यांचं मरण राहून गेलं

राजाजीनगर, बेंगळूर
६ डिसेंबर १९५८

ती. सौ. अहल्याअक्का,

धाकट्या त्रिविक्रमाचा नमस्कार. भावजींच्या गुडघ्यांना वेगळा सांग, ते अजून रुसलेलेच असतील. मी अगदी खुशाल, कारण तुझा भाऊ नट झालाय! इथे एका मराठा किल्लेदारावर कन्नड बोलपट निघतोय. त्यांचा नायक घोड्यावरून पडला (घोडा उभाच होता), आणि पगडी शोभेल असं डोकं कंपनीला आमच्या हापिसात सापडलं. माझं.

गोष्ट अशी, की किल्लेदाराचा सासराच फितूर होऊन शत्रूला दरवाजा उघडतो. आता नायकाने करावं काय? एकीकडे राजाचं मीठ, दुसरीकडे बायकोचा बाप. नायक घटकाभर छताकडे बघतो आणि म्हणतो, तोफेच्या तोंडी द्या. असले निर्णय मला जड जात नाहीत, तुला ठाऊकच आहे. (चौथीत मी जन्मभर चहा सोडला होता. संध्याकाळपर्यंत पाळलं.)

अडचण एकच. भारदस्त मिशा बघून दिग्दर्शकाने फितुराच्या कामाला नेमके आमचे खरे सासरे, नरसिंहराव, घेतले. अनुसूयेने ऐकलं आणि ट्रंक भरली. माझ्या अप्पांना चारचौघांत मारायचं तर खुशाल मारा, पण मग भात तुमचा तुम्ही शिजवा, असं म्हणून मल्लेश्वरमला माहेरी निघून गेली. घर कसं खायला उठलंय म्हणून सांगू!

चित्रीकरणाला सासरे साखळदंडांत, मी पगडीत. मी आत पाऊल टाकलं मात्र, हे साखळ्यांसकट ताडकन उभे! "या जावईबापू, बसा. कॉफी झाली का?" आपल्याकडे जावई आला की सासरा बसून राहत नाही, हे त्या दिग्दर्शकाला काय कळणार? तो म्हणे, स्वल्प रागाने बघा, राव. सरी, सरी, म्हणजे बरं, बरं, म्हणत हे पुन्हा उठले. शेवटी त्यांना खांबाला बांधलं, तर तिथूनही मान लववून नमस्कार! अक्का, ती वाकलेली मान बघून मला अनुसूयाच दिसली गं. आणि खणखणीत आवाजात तोंडून निघून गेलं, "सोडा यांना! घरी पोचवा!"

दिग्दर्शक जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पण सासरे! मला वाटलं, गळ्यात पडतील. ते कडाडले, "आणि माझं मरण कुठंय? मरतानाचं भाषण दसऱ्यापासून पाठ करतोय मी! सगळी गल्ली बघायला येणार होती!" तेव्हापासून तेही माझ्याशी बोलत नाहीत. माझा निर्णय मात्र बरोबरच होता. चुकला असेल तर किल्लेदाराचा.

गुरुवारी तोच प्रसंग पुन्हा घेणार आहेत. मी तिळभरही डगमगलेलो नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
त्रिविक्रम

ता. क. अनुसूया तुझं ऐकते. तिला दोन ओळी लिही, की बाई, बापाला मारायची परवानगी देऊन टाक आणि घरी जा. म्हाताऱ्याची हौस आहे म्हणावं.

आणखी ता. क. पत्र टाकायला निघालो तर दारात अनुसूया, ट्रंकेसकट! म्हणाली, "अप्पांना सोडलंत हे कळलं, तेव्हाच निघणार होते. पण आता गुरुवारी उडवा त्यांना एकदाचं. येता-जाता मरून दाखवतात, आई पार वैतागलीय." तेव्हा तिला काही लिहू नकोस. तूच बुधवारच्या गाडीने ये. सगळ्यांची परवानगी मिळाली गं अक्का, पण मला नाही मारवत त्यांना.