झेंडेवाला नागोराव यास धडधाकट ठरविणारा दाखला

प्रति,
मा. वैद्यकीय तपासणी अधिकारी,
दगडखाण कामगार कक्ष, पालघर.

अर्जदार : नागोराव सखाराम ढगे, झेंडेवाला, राहणार मजुरांच्या झोपड्या, बोईसर.

विषय : दाखला रद्द करून अर्जदारास झेंड्याच्या कामावरून ताबडतोब काढणेबाबत.
संदर्भ : आपला दाखला, दि. ९ नोव्हेंबर १९६६.

महोदय,

अर्जदार मूळचा परभणीकडचा. तारापूरच्या बांधकामाला दगड पुरवणाऱ्या खाणीवर तो दोन वर्षे झेंडेवाला आहे. खालची पायवाट मोकळी दिसली की झेंडा वर करायचा आणि वरून शिट्टी झाली की आडोशाला जायचे. मग सुरुंगाला बत्ती देतात.

१. ऑक्टोबरात त्यास ताप आला. अंगावर लाल ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आले. बायको साखरबाईने सात दिवस पेज पाजून जगवला. ताप उतरला तो डावा कान घेऊनच. उजव्यात रात्रंदिवस पिठाची गिरणी चालते. डोळ्यांना कडेचे सगळे दिसते, पण ज्याच्याकडे पाहावे नेमके तेवढेच दिसत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरल्याची चिठ्ठी दिली. आपण ती न वाचता परत केलीत. अशा तापाने कान-डोळे जात नाहीत, पुस्तकात तसे नाही, असे बजावलेत म्हणे. पुस्तकाला न विचारता आजारी पडल्याबद्दल अर्जदार पुस्तकाची माफी मागतो. आपली मागणार नाही.

२. तपासणीत आपण काही विचारलेत. शिपायाने कोपराने ढोसले म्हणून अर्जदाराने मान हलवली. कान उत्तम! मग दोन बाकांमधून चालवलेत. तो कुठे धडकला नाही. डोळे उत्तम, आणि वर 'सोंगाड्या' हा शेरा. बाके दोन्ही कडांना होती, महोदय. मधे आपण होता. आपले खांदे दिसले, तोंड दिसले नाही, आणि त्याचे अर्जदारास दुःख नाही.

३. काल, गुरुवारी, पाड्यावरची हंसा गवताचा भारा घेऊन पायवाटेने येत होती. अर्जदाराने डोळे फाडून तिच्याकडेच पाहिले, म्हणूनच ती दिसली नाही. झेंडा वर गेला. सोबतच्या देवूने धावत जाऊन तिला चरात ढकलले, नाहीतर दगडाखाली भाऱ्याऐवजी तीच सापडली असती. "अरं, बाई तुज्या नाकासमोर हाय, नि तुला दिसत नाय?" असे तो ओरडला म्हणे. अर्जदारास ते साखरबाईने घरी कानाशी सांगितले.

४. मुकादम म्हणतो, दाखला आहे, सोमवारी झेंडा धर, नाहीतर झोपडी खाली कर.

तरी दाखला रद्द करून अर्जदारास पाटी उचलायचे काम द्यावे. तसे करणे नसेल, तर सोमवारी अकरा वाजता आपण स्वतः त्या पायवाटेने चालत यावे. फक्त कडेने चालू नये. कडेचे अर्जदारास दिसते.

आपल्या सहीने धडधाकट झालेला,
आपला नम्र,
नागोराव सखाराम ढगे
(सांगितल्याप्रमाणे लिहिणार : आत्माराम)
बोईसर, दि. १८ नोव्हेंबर १९६६