लंडनचा दिवा

आश्विन शु. ३, १९३८
आली एकदाची! तुंगार्लीच्या बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला, त्याच्याकडून ह्यांनी खेळाची पेटी घेतली. बैलगाडीतून आणून आपल्या हॉटेलात मांडली. काचेखाली उतरती फळी, तीवर खिळे आणि भोकं. दांडी ओढून सोडली की गोळी वर जाते, गडगडत खाली येते. ज्या गावाच्या भोकात पडेल त्या गावाचा विजेचा दिवा मागच्या चित्रावर लागतो. मुंबई, एडन, कैरो, पॅरिस, लंडन! शिवाय घंटा. सासूबाई म्हणाल्या, "आपलं लोनावळं कुटं हाय?" नाही म्हटल्यावर रुसल्या.

शु. ५
गिऱ्हाइकं यायच्या आत एकटी खेळले. गोम कळली. गोळी उतरताना पेटीला बाजूनं हलका हिसका द्यायचा, सुपात तांदूळ पाखडताना देतो तेवढाच. जास्त झाला की सगळे दिवे जातात, डाव बाद. आज पॅरिस!! भाकरी करपली. करपू दे.

शु. ७
फौजदार आले. कोणीतरी कागाळी केली, हॉटेलात जुगार चालतो म्हणून. म्हणाले, "नशिबाचा खेळ असेल तर पेटी उचलून नेईन. हाताचं कसब असेल तर राहू दे. दसरा झाला की येतो, खेळून दाखवा." हे तर एडनच्या पुढे जात नाहीत. माझे हात आतल्या आत शिवशिवतात. पण पुरुषांत बाहेर कशी जाणार...

खंडेनवमी
घात. अवजारांच्या पूजेत पेटीही पूजली. हळदकुंकू, झेंडू, इथवर ठीक. सा. बाईंनी नारळ फोडला तो पेटीच्याच कोपऱ्यावर. पाणी फटीतून आत. गोळी न सोडताच लंडनचा दिवा लागायला लागला. "बग, देवीच लंडनला पोचली!" हसावं की रडावं. फौजदारांनी हे पाहिलं तर संपलंच.

दसरा
वायरमन उस्मानभाईंनी पेटी उघडली. "वहिनी, हितं तर अर्धा देव्हारा हाय." तारांच्या टोकांवरचं कुंकू खरवडलं, सगळं उन्हात वाळवलं. संध्याकाळी लंडन शहाण्यासारखं विझलं. उस्मानभाईंना सोनं दिलं, वर वाटीभर बासुंदी.

शु. १२
फौजदार आले. हे खेळले, फसले, पुन्हा फसले. शिपाई पेटी उचलायला वाकला आणि मी कशी बाहेर आले मलाच ठाऊक नाही. हात पिठाचे. म्हटलं, "कोणतं गाव लावू, साहेब?"
"पॅरिस."
लागलं.
"कैरो."
लागलं!! मला नाचावंसं वाटत होतं. फौजदार मिशीत हसले, पण हटले नाहीत. "नशीबही असेल. उद्या पंचांसमोर लंडन लावून दाखवा."
लंडन माझ्या हातानं अजून एकदाही लागलेलं नाही.
जेवताना हे म्हणाले, बाजार काय म्हणेल. सा. बाई ताक वाढता वाढता मला म्हणाल्या, "बाजार बोलतोय तर बोलू दे. जायाचंच हाय तर नवं लुगडं नेस. पंच काय रोज येत न्हाईत."
जांभळं काढून ठेवलंय.