यवतमाळचा चढ आणि लवंगांची डबी

बाबा,

तुमच्या गाडीची आणि माझ्या गाडीची शर्यत झाली, आणि तुमची हरली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत ऐकाल. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी तुमच्या गाडीबद्दल वाकडा शब्द काढताना मी अजून दाराकडे बघून घेते. माझी गाडी नवी आहे. तिला चावी फिरवावी लागत नाही, बटण दाबलं की झालं, आणि सुरू झाली की नाही हे समोरच्या दिव्यांवरून कळतं, इतकी मुकी. तुमची सुरू झाली की वेशीपर्यंत कळायचं, आणि आई चुलीवरचा चहा उतरवायची. थंडीत तर चोक ओढून, हँडल मारून, दोन शिव्या देऊन मगच ती जागी व्हायची. शिव्या कोणत्या, ते मी इथे लिहीत नाही.

तुम्ही ती बैलजोडी विकून घेतली होती. वावर काकांना ठेक्यानं दिलं आणि एक दिवस सरकारी साहेबाच्या दाराशी असते तशी गोल टपाची पांढरी गाडी घेऊन आलात. आजी तीन दिवस बोलली नाही. गाडीला जागा कुठली? गोठ्यात, बैलांच्याच. गव्हाणही तुम्ही काढली नाहीत, बॉनेट गव्हाणीच्या तोंडाशी आणून उभी करायचे. पहिल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावातली माणसं बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होती, तेव्हा तुम्हीही वाटी घेऊन गोठ्यात गेलात आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांना चोळलंत. मग आरशाजवळ तोंड नेऊन म्हणालात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी आणि धाकटा भाऊ दाराशी हसून हसून बेजार झालो. दुसऱ्या दिवशी तुम्ही इंजिन सुरू करू दिलं नाही. सणाच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, मग हिच्याही नाही. अर्ध्या गल्लीनं ढकलत ती तोरणाखाली नेली. कोणी तरी ओरडलं, "अबे, हिची शेपूट कुठी हाय?" तुम्ही म्हणालात, "सायलेन्सर दिसत नाही का तुले?" पुढच्या वर्षापासून कोणी हसलं नाही. हळदीचे डाग मात्र राहिले ते राहिलेच. किती धुतली, तरी दोन्ही खांदे पिवळे.

तुम्ही मारेगाव ते पांढरकवडा, वणी, यवतमाळ सवाऱ्या न्यायचे, लग्नाच्या हंगामात नवरदेव, एरवी बाळंतिणी आणि कापसाचे व्यापारी. माणसं किती बसवायची याला हिशेब नव्हता. मी दहावी झाले तेव्हा तुम्ही मला शिकवायला बसवलंत. गावात पोरीनं चालवायची म्हणजे बोलणी ठरलेलीच, पण तुम्हाला बोलणी ऐकायची सवय झाली होती. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, मी तो करकरवला की तुमचा जीव कळवळायचा. "गिअर टाकत नसते पोरी, ठेवत असते. तिचं आयक, मंग ठेव." एकदा करंजीच्या अलीकडे मी एका ट्रकला मागे टाकलं आणि फुशारकीनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही गाडी बाजूला घ्यायला लावली, उतरलात, रस्त्याच्या कडेला बसून बिडी ओढलीत. मग म्हणालात, "गाडी किती पयते हे कोनीबी सांगन. थांबते कुठी, ते सांग मले." ब्रेक दोनदा दाबून मगच लागतो, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. त्या दिवशी मला रडू आलं होतं. आज वाटतं, माझ्या सगळ्या शिक्षकांत इतकं कामाचं कोणी काही बोललं नाही.

आई पुढेच बसायची, खिडकीशी. समोरच्या कप्प्यात पत्र्याची एक डबी असायची, लवंगांची. ती सवाऱ्यांसाठी आहे, असं तुम्ही सांगायचे, ज्याला गाडी लागते त्याला द्यायची. आई तोंडाला पदर लावून बाहेर बघत राहायची. तुम्ही मधून मधून विचारायचे, "बरं हाय ना?" ती मान हलवायची. घरी आलं की तुम्ही पाहुण्यांना सांगायचे, "हिले दुसरी कोनतीच गाडी मानवत नाही. एसटीत बसली का ओकते. आपल्या गाडीत पाहा, रानीवानी बसते." आई आतून पाणी आणायची.

आता माझ्या गाडीचं सांगते. हिच्यात गार हवा आहे, पाठीमागचं दाखवणारा पडदा आहे, पट्टा लावला नाही तर ती चिडून ओरडत राहते. ब्रेक एकदाच दाबायचा. चढावर थांबून पुन्हा निघाली तर मागे घरंगळत नाही, तुमच्या वेळी मी हातात दगड घेऊन उतरायची आणि चाकामागे लावायची. एका लिटरमध्ये ती तुमच्या गाडीच्या दुप्पट जाते. तुम्ही असता तर पहिल्यांदा टप ठोकून पाहिला असता, "पत्रा पातळ हाय" म्हणाला असता, आणि मग हळूच दोन चकरा मारून आला असता. मला ती फार आवडते, बाबा. सकाळी पांढरकवड्याला शाळेत शिकवायला जाताना मी तिच्यात गाणी लावते आणि मला कुणाचंच काही ऐकावं लागत नाही, इंजिनाचंही नाही.

पण आई तिच्यात बसेना. आईचे डोळे गेल्या वर्षापासून उतरत चालले होते. आधी तांदळातले खडे दिसेनात. मग ती नातवाला आवाजावरून ओळखायला लागली. एकदा तिनं चुलीवरच्या पातेल्याऐवजी जाळावर हात ठेवला, आणि मी तिला यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेण्याचा हट्टच धरला. मारेगावात तपासणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर डोळा हातचा जाईल. दोनदा तारीख घेतली, दोनदा ती ऐन वेळी अडून बसली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "तुह्या गाडीत कोंडल्यावानी होते. जाईन तं त्यायच्याच गाडीत जाईन." त्या गाडीला गोठ्यात उभं राहून किती वर्षं झाली, हे तिला माहीत होतं. चाकं बसली होती, कोंबडीनं मागच्या सीटवर अंडी घातली होती. धाकटा म्हणाला, "आईनं आता पाचर मारली."

मी पांढरकवड्याहून मिस्त्री आणला. तोच तुमचा, आता म्हातारा झालाय, काम पोरं करतात आणि हा स्टुलावर बसून सूचना देतो. बॉनेट उघडून त्यानं आत बघितलं आणि म्हणाला, "बाई, इंजन मेलं नाही. रुसलं हाय." रुसवा काढायला पंधरवडा लागला. कार्बोरेटर धुतला, नळ्या बदलल्या, ब्रेक नवे केले, पासिंगचं झंझट धाकट्यानं उरकलं. ज्या दिवशी ती अंगणात सुरू झाली, त्या दिवशी मी तुमच्यासारखा लांबलचक हॉर्न दिला. आई हातानं चाचपत भाजी निवडत होती. तिचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, तुमची आठवण आली. मलाही आली होती, मी हुंदका देऊन रडले. आई पुन्हा भाजी चाचपायला लागली.

ठरल्या दिवशी मी तिला तुमच्या गाडीत बसवलं, खिडकीशी. धाकटा माझी गाडी घेऊन मागून, वाटेत काही झालं तर. हात दुखून आले, बाबा! वळवताना अख्खं अंग लावावं लागतं, गिअर आठवून ठेवावा लागतो, आणि वेग वाढला की स्टिअरिंग असं थरथरतं की काय विचारू नका. नवीन सिमेंटच्या रस्त्यावरही मागचे स्प्रिंगचे पाटे प्रत्येक सांध्याला उडत होते. ट्रक, बसगाड्या, मोटारसायकली, सगळे आम्हाला मागे टाकून गेले. एका पोरानं तर फोटो काढला. तरी मला आनंद होत होता. मी आईला विचारलं, "बरं आहे ना?"

तिनं मान हलवली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "थांबव."

जोडमोहा मागे पडला होता, पुढे चढ होता. मी बाजूला घेतली. ती दार उघडून खाली वाकली आणि सकाळचा सगळा चहा ओकली. मी पाठ चोळली, पाणी दिलं. तोंड धुऊन ती दगडावर बसली आणि हसायला लागली. "तुही गाडी कुठी हाय? मागूनच येऊन राह्यली ना? त्यात बसतो मी."

"अगं, पण तूच म्हणालीस..."

"मले वाटलं, हे सुरूच होनार नाही. मले डोये कापून घ्याचं भेव वाटत होतं." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हे गाडी मले पयल्या दिवसापासून लागते पोरी. एसटीपेक्षा जास्त. त्यायच्या डबीतल्या लवंगा चोरून खात होतो मी. त्यायले कधी कळलं नाही."

मी विचारलं, सांगितलं का नाहीस? ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते, म्हणून जरा भलतीकडेच बघत होती. "कसं सांगू? त्यानं बैल इकले होते. बैल गेले तवा तो मानूस गव्हानीत डोकं घालून रडला. त्याले सांगू का, तुही गाडी मले सोसत नाही म्हनून?"

धाकट्यानं तिला माझ्या गाडीत बसवून पुढे नेलं. ती वाटेत झोपली म्हणे. मी तुमच्या गाडीत एकटीच चढ चढले, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन तापल्याच्या काट्याकडे बघत, रेडिएटरला मनातल्या मनात विनवत. मी पोचले तोवर त्यांचा चहा झाला होता. म्हणून म्हटलं, हरली. पण चढली, हेही लिहून ठेवते, कारण तुम्ही विचाराल.

ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा निघाल्यावर आईनं आधी नातवाचं तोंड बघितलं, मग स्वतःचे हात, आणि मग गोठ्यात गेली. बराच वेळ गाडीकडे बघत राहिली. "एवढीशी हाय का हे?" म्हणाली. पिवळा डाग दिसला तेव्हा त्यावर अंगठा घासला. यंदा पोळ्याला लोणी-हळद तिनंच चोळली. मी म्हटलं, माझ्या गाडीलाही लाव की. तर म्हणाली, "तिले कायले? तिनं कोनाचे बैल खाल्ले?"

त्या संध्याकाळी ती गोठ्याच्या दारात मला म्हणाली, "मी जे तुले रस्त्यात सांगतलं, ते त्यायले सांगू नको." तुमच्या फोटोसमोर मी रोज बडबडते, हे तिला माहीत आहे. मी हो म्हटलं. म्हणजे हे पत्र लिहून मी शब्द मोडलाच, पण ते कुठे जाणार नाही, तेव्हा अर्धाच मोडला.

पण मला एक विचारायचंय, बाबा. डबी सवाऱ्यांसाठी होती ना? सवाऱ्या मागे बसायच्या. मागे बसलेल्या एकाही माणसाला तुम्ही लवंग दिलेली मला आठवत नाही. मारेगावच्या बाजारात तुम्ही सगळ्यात आधी लवंगा घ्यायचे, मग बाकीचं. त्या कप्प्याचं झाकण फार घट्ट होतं, मला दोन्ही हातांनी ओढावं लागायचं. आणि आई येणार असली की ती बसायच्या आधी तुम्ही ते उघडून, नुसतं टेकवून ठेवायचे. मी बघत होते. मला वाटायचं, झाकण बिघडलंय.

मिस्त्रीच्या पोरांनी गाडी साफ केली तेव्हा डबी माझ्या हातात दिली. ती माझ्याकडेच आहे. तुम्हाला कधीच कळलं नाही, असं आईला वाटतं, आणि त्यात ती इतकी खूश आहे, की झाकणाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.