सत्तेचाळीस नंबरची मुलगी

४ ऑगस्ट
आजपासून नेमाने लिहायचं. मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स शिकवणाऱ्या माणसाकडे स्वतःचीच नोंद नसावी, हे काही बरं नव्हे.
माझी सिस्टिम सुरू! हजेरी आणि मार्क भरले, की कोण कॉलेज सोडण्याच्या बेतात आहे ते कळतं. धोका असेल त्याची ओळ लाल. यावर पेपर, पेपरवर प्रमोशन. वर्षअखेर प्रोफेसर.

९ ऑगस्ट
पहिली लाल ओळ. सकाळची बॅच, रोल नंबर सत्तेचाळीस. बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग बोललास का तिच्याशी?" बायको शाळेत शिकवते, संशोधनाची शिस्त तिला काय कळणार! आत्ताच बोललो आणि मुलगी कॉलेजात टिकली, तर माझा अंदाज चुकला असं नाही का दिसणार?

१७ ऑगस्ट
सत्तेचाळीस पुन्हा गैरहजर. जिवाला लागलं. तिच्या हजेरीचा आलेख मात्र सुरेख उतरतोय. उद्या फोन करायचाच.

१८ ऑगस्ट
फोन राहिला. लाल रंग फार भडक वाटत होता, तो बदलण्यात दिवस गेला. आता डाळिंबी.

२६ ऑगस्ट
आमच्या विभागाच्या हेडबाईंनी विचारलं, "या यादीचं पुढे काय करता?" म्हटलं, निरीक्षण. "बरं," म्हणाल्या. पटलेलं दिसलं.
बायको जेवताना बोलत नाही. शाळेचा ताण असणार.

२ सप्टेंबर
फोन केला. उचलला नाही. सारखं सारखं करणंही बरं दिसत नाही. माझ्याकडून झालं. तरी दिवसभर लक्ष लागलं नाही. पित्त असावं.

६ सप्टेंबर, दुपारी
ती आली. कॉलेज सोडायच्या अर्जावर सही हवी होती. म्हणजे अंदाज तंतोतंत खरा. आनंद व्हायला हवा होता.
बस म्हटलं, बसली नाही. काय झालं विचारलं.
"आई अंथरुणाला खिळलीय, सर. सकाळी तिचं सगळं मलाच करावं लागतं. बारानंतर मावशी येते."
म्हटलं, आधी नाही का सांगायचंस?
"दोनदा आले होते. तुम्ही कॉम्प्युटरवर होतात. दुपारची बॅच मिळाली असती तर जमलं असतं."
म्हटलं, आत्ता देतो, आजपासून.
"आता दुपारची नोकरी धरलीय, सर."
सही केली. "थँक्यू, सर," म्हणाली. हळूच दार लावून गेली.
दुपारची बॅच माझीच. लेक्चरला गेलो, तर सगळे हजर असूनही अकरा खुर्च्या रिकाम्या.