लॅपटॉप ओळख देईना

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे नम्रपणा करणार नाही.

बोर्ड आला. काडेपेटीएवढा, निळा. लॅपटॉपला जोडायचा, आपला प्रोग्राम आत घालायचा, आणि मागावर लावून द्यायचा. उभा धागा तुटला की त्यावर अडकवलेली पातळ पत्ती खाली पडणार, बोर्डाला कळणार, भोंगा वाजणार. पुढे गाठ मारून माग चालू करणं ही किरकोळ कामं.

गरज काय? वडगावातले आमचे चार माग. त्यांच्यावर आधी आप्पा, म्हणजे माझे वडील, नजर ठेवायचे. त्यांची नजर अधू झाल्यापासून माझी बायको मनिषा दिवसभर मागांसमोर उभी असते. बोरगावला माहेरी जाते ती सकाळी, येते संध्याकाळी. आईजवळ एक रात्र झोपणं जमलेलं नाही. म्हातारी प्रत्येक फोनवर विचारते. बेळगावातलं कुरिअर ऑफिस बंद पडल्यापासून मी घरीच असतो, पण माझं डोकं वेगळ्या कामाचं आहे. म्हणून शब्द दिला: भाऊबीजेला तिचा भाऊ अमृत येईल तेव्हा त्याच्याबरोबर जायचं आणि खुशाल राहायचं.

मागांची पूजा मनिषाने केली. लॅपटॉपला ती कुंकवाचं नुसतं बोट लावणार होती. मी म्हटलं, हा आता या घरातला पाचवा माग. स्वतः पूजा केली. हळदकुंकू सढळ हाताने, वरून, खालून, दोन्ही बाजूंच्या वायर जोडायच्या भोकांतसुद्धा. हात राखून पूजा करणं मला जमत नाही.

३ ऑक्टोबर
शुभारंभ. वायर जोडली. बोर्डावर दिवा लागला. लॅपटॉप म्हणाला, यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड. ठीक आहे. नवी सूनही पहिल्या दिवशी मोकळी बोलत नाही.

४ ऑक्टोबर
अजून अबोला. ड्रायव्हर नाही, हे माझ्या लगेच लक्षात आलं (व्हिडिओत सांगितलं होतं). ड्रायव्हर घातला. मग दुसरा घातला. तिसरा घातल्यावर लॅपटॉपचा आवाज गेला.

वायरीचं टोक लालसर दिसतं. लोड जास्त येऊन तापत असणार. फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवलं. अशा बारीक गोष्टी इतरांच्या लक्षात येत नाहीत.

७ ऑक्टोबर
मनिषाने एका मागाच्या धाग्यांत पत्त्या अडकवल्या. चार दिवस लागले. यांत्रिक काम आहे, वेळ जातोच. तिने विचारलं, तुमचं कुठवर आलंय. संशोधन चालू आहे, असं सांगितलं.

लॅपटॉपची भाषा मराठी करून पाहिली, मग कानडी. आपल्या भागात राहायचं तर दोन्ही करून बघावं लागतं. बोर्ड दोन्हींत गप्प. शिवाय आता सगळी बटणं कानडीत आहेत आणि मराठीकडे परत जायचं बटण सापडत नाही. कानडी मला बोलता येतं, वाचता येत नाही.

१० ऑक्टोबर
बोर्डच खराब. उगीच डोकं शिणवलं. कोल्हापूरला गेलो. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी बराच वेळ अडकली, तेवढ्यात पुढच्या योजनेचा विचार करून ठेवला (शेजारच्या शहापूरच्या सगळ्या मागांना भोंगे). दुकानदाराने माझा जुना बोर्ड त्याच्या कम्प्युटरला जोडला. कम्प्युटरने तो लगेच ओळखला. दुकानदार म्हणाला, बोर्ड चांगला आहे. मी वाद घातला नाही. त्याचा कम्प्युटर कुणालाही ओळख देतो, त्याला काय अर्थ आहे? माझ्या लॅपटॉपची चाळणी कडक आहे. नवा बोर्ड घेऊन आलो.

११ ऑक्टोबर
नवा बोर्डही नॉट रेकग्नाइज्ड. म्हणजे दोन्ही खराब. आता पेन ड्राइव्हही चालेना. एकाचं बघून दुसरा बिघडतो.

१४ ऑक्टोबर
फॉरमॅट मारला. कठोर निर्णय घ्यायला धाडस लागतं. भाषा इंग्रजी झाली, आवाज परत आला. बोर्ड नाही. घरातले सगळे फोटोही नाहीत. मनिषाला योग्य वेळी सांगीन.

१६ ऑक्टोबर
सांगितलं. वेळ योग्य नव्हती.

१८ ऑक्टोबर
आप्पांनी खाटेवरून विचारलं, परशा, ते तुजं काय बोलतंय का न्हाय अजून? मी त्यांना व्होल्टेजचा चढउतार समजावून सांगितला. त्यांना झोप लागली.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून शांत डोक्याने काम करणे.

१९ ऑक्टोबर
साडेआठला उठलो. दिवाळीच्या तोंडावर शरीराला विश्रांती लागते.

२२ ऑक्टोबर. पाडवा.
मनिषाने ओवाळलं. ओवाळताना म्हणाली, "उद्या तुमचं यंत्र चालू दे न्हायतर न चालू दे, मी जाणार." तिचा माझ्यावर एवढा विश्वास आहे. गहिवरून आलं. तिची पिशवी सकाळपासूनच दाराशी भरून ठेवलेली आहे.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज.
ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

अमृत आला. ओवाळणी, जेवण झालं. मी त्याला ड्रायव्हर, व्होल्टेज आणि परदेशी मालाचा घसरलेला दर्जा यावर माहिती देत होतो. त्याच्या मोबाईलची बॅटरी संपत आली होती. त्याने आपली पांढरी वायर माझ्या लॅपटॉपला जोडली, आणि चार्जिंग नीट होईना म्हणून काढली. वायरीचं टोक लालभडक. म्हणाला, "दाजी, ह्येच्या आत काय भरलंय?"

मी लोडचं कारण सांगितलं. त्याने बोटावर घेऊन बहिणीला दाखवलं. मनिषा त्या बोटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. आप्पांनी काय झालं म्हणून विचारलं. कुणालाच बोलता येईना. शेवटी अमृत म्हणाला, आप्पा, लॅपटॉप सवाष्ण हाय. मग आप्पाही हसले.

मनिषाने जुना टूथब्रश आणून दोन्ही भोकं साफ केली. खाली चिमूटभर कुंकू पडलं, थोडी हळद, एक अक्षता. वायर जोडली. टुंग. बोर्ड ओळखला. दोन्ही बोर्ड ओळखले. पेन ड्राइव्हसुद्धा.

कुंकू कुणी लावलं हा प्रश्न गौण आहे. घरात श्रद्धा असली की असं होतं. मुख्य गोष्ट ही की मी हार्डवेअरवर पहिल्यापासून संशय घेतला होता.

प्रोग्राम घातला, बोर्ड मागावर लावला. मनिषाने मुद्दाम एक धागा तोडला. पत्ती पडली, भोंगा वाजला. तिने गाठ मारली, भोंगा थांबला. मला बघायला वेळच मिळाला नाही, इतकं ते झटकन झालं. निघताना तिने मागांकडे वळून बघितलं आणि विचारलं, जमंल न्हवं? मी हसलो. चारनंतर दोघं बोरगावला गेली. माझ्या संशोधनामुळे एका लेकीला आईजवळ राहता येणार. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

२४ ऑक्टोबर, सकाळ
चहा घेतला. तीन माग सुट्टीवर, भोंग्याचा माग चालू केला. खुर्ची टाकून बसलो. बसायचीही गरज नाही, पण सवयीने बसलो. बोर्डावरचा दिवा लुकलुकतोय. शहापूरच्या विणकर सोसायटीत भाषणाला बोलावतील, तेव्हा काय बोलायचं ते मनात जुळवत होतो.

भोंगा वाजला. यंत्र उत्तम चालतं.

२४ ऑक्टोबर, दुपार
माग बंद केला. भोंगा चालू. धागा जोडल्याशिवाय तो थांबत नाही, तसा मीच प्रोग्राम केला आहे, कामचुकारपणा होऊ नये म्हणून.

तुटलेल्या धाग्याची दोन टोकं सापडली. गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली. शेजारचे दोन धागे तुटले. आप्पांना हाताला धरून मागाजवळ आणलं. ते म्हणाले, "मला दिसत न्हाय, तुला येत न्हाय. माग काय करंल?"

मनिषाला फोन लावला. तिच्या मागे तिची आई कुणाला तरी हाक मारत होती, भांडी वाजत होती. मी परिस्थिती तांत्रिक भाषेत मांडली. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, वायर उपटा आन् गप बसा, मी सोमवारशिवाय येत न्हाय. आवाजावरून ती नुकतीच झोपून उठली असावी. तिला दिवसा झोपलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

वायर उपटली. घर एकदम शांत झालं. चारही माग बंद.

संकल्प: सोमवारपर्यंत गाठ मारायला शिकणे.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळ
आप्पांनी सुताचे दोन तुकडे हातात दिलेत. खाटेवर त्यांच्याशेजारी बसून प्रयत्न चालू आहे. आत्ता एक मारून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी नीट चाचपली, फिरवून पुन्हा चाचपली, आणि ह्ये काय हाय म्हणून विचारलं. मी गाठ म्हणून सांगितलं.