आजी शिकली तर मी शिकीन

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार
शाळेत आरोग्य तपासणी झाली. संस्कृती पाचवीत आहे, आणि शाळेचा एक जिना चढली की धापा टाकते. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. "औषध काही नको. मोबाईल कमी करा. रोज तासभर खेळू द्या – घरच्यांनीही तिच्याबरोबर खेळा."
मी मान हलवली. घरचे म्हणजे मी, सुनील आणि सासूबाई. खेळणार कोण?

१२ नोव्हेंबर
अंगणात लंगडी खेळलो. सुनीलची कंबर धरली. संस्कृतीनं ओट्यावर बसून मोबाईलवर बापाचं शूटिंग केलं. व्यायाम झाला तो तिच्या अंगठ्याचा.

१५ नोव्हेंबर
शेजारच्या हौशीराम भाऊंकडून त्यांच्या लेकीची जुनी सायकल आणली. संस्कृती दुरूनच बघत राहिली.
"पडले तर?"
"पडलीस तर उठशील," मी म्हटलं.
"आजी शिकली तर मी शिकीन."
विषय संपला असं वाटलं असणार पोरीला. सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सदुसष्ट वय. सगळी जवानी मेंढरांमागं चालण्यात गेली, सायकलला कधी हात लावला नाही. पदरातली टरफलं झटकली नि म्हणाल्या, "आन हिकडं ती."

१६ नोव्हेंबर, रविवार
सुनील म्हणाला, "आई, लोक हसतील."
"हसू दे. त्यांचं काय जातंय?"
काष्टा घट्ट खोचला, बसल्या, आणि उतारावरून थेट आमच्याच टोमॅटोत. दोन सऱ्या आडव्या. सायकल वर, सासूबाई खाली, केसांत टोमॅटोचा पाला.
"थांबवायची कशी ते आदी का न्हाई सांगितलं?"
"सांगितलं होतं आजी. तू म्हणालीस, थांबायचं कशाला."
संस्कृती पोट धरून हसत होती. मोबाईल ओट्यावर वाजत राहिला, तिनं बघितलंही नाही.

१९ नोव्हेंबर
सासूबाईंच्या गुडघ्याला हळद. माझ्या कपाळाला बाम.

२३ नोव्हेंबर
सासूबाईंना दुसऱ्या कुणी धरलेलं चालत नाही. म्हणून संस्कृती मागचं कॅरिअर धरून पळते. घर ते कालवा, कालवा ते घर. बाई वळणावर सायकलला मेंढरांसारखं हाकारतात – हुर्र, हुर्र. सायकल ऐकत नाही. रस्त्यातली माणसं मात्र बाजूला होतात. दिवस मावळायच्या आत दोघींना घरात घेते, परवाच कालव्याच्या उसात बिबट्या दिसलाय.

३० नोव्हेंबर
आज लक्षात आलं. पोरगी अजून एकदासुद्धा सायकलवर बसलेली नाही! पण रोज तासभर पळते आहे. शाळेच्या स्कर्टला आत टीप घालावी लागली. सुनील तिला विचारायला निघाला होता, "तू कधी शिकणार?" मी त्याच्या पायावर पाय दिला.

४ डिसेंबर
संस्कृतीनं कॅरिअर सोडलं. सासूबाईंना कळलंच नाही, वीस-पंचवीस पावलं एकट्याच गेल्या. कळल्यावर ओरडल्या, "सोडलंस का गं भवाने?" पण पडल्या नाहीत.

६ डिसेंबर, दुपार
सासूबाई घरात नाहीत. सायकलही नाही. सुनील म्हणतो, "झुंबरमावशीकडं तर न्हाई गेली?"
मला पटत नाही. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, कालव्यापलीकडच्या वस्तीवर राहते. एका मेंढ्यावरून दोघींचं भांडण झालं – मेंढा कुणाचा, एवढंच. सासूबाई शपथ घेऊन आल्या, "तुझ्या दारात पाऊल टाकणार न्हाई." नऊ वर्षं झाली. मेंढाही मेला.
सुनील गाडी काढतोय. संस्कृती तर कधीच पळत पुढं गेली.

६ डिसेंबर, संध्याकाळ
सासूबाई मावशीच्या अंगणात सायकलवरून गोल गोल फिरत होत्या. मावशी मागं मागं. "आक्का, उतर की गं."
"पाऊल टाकणार न्हाई म्हनले व्हते."
शेवटी मावशीनं बाज अंगणात ओढली. संस्कृतीनं सायकल धरली, आणि मावशीनं बहिणीला मिठीत उचलून थेट बाजेवर घेतलं. पाय जमिनीला लागला नाही. मग दोघी लई रडल्या. चहा बाजेवरच झाला.
संस्कृतीनं विचारलं, "आजी, तू माझ्यासाठी शिकलीस ना सायकल?"
सासूबाईंनी चहा बशीत ओतला.
"तुज्यासाठी बी," म्हणाल्या.