साजाच्या सालीवरचं पाखरू

प्रिय बाबा,

आज तुमची तेरवी झाली. ओव्हरसियर साहेब पंगतीत बसला, दोनदा बुंदी मागून जेवला आणि वरून म्हणे, "बड़ा सीधा आदमी था." सीधा! मजुरायच्या गँगसमोर तुमाले 'पागल बुड्ढा' म्हणणारं तोंड ते हेच! ढोंगी कुठचा! आईपायी मी गप्प बसलो, म्हणून आता तुमाले लिहून राहिलो.

आठवते ना? कारखाना पाहायले मोठे पाहुणे येणार, म्हणून सेक्टर सहाच्या रस्त्यावरच्या झाडायले चुन्या-गेरूचे पट्टे मारायचा हुकूम निघाला. भट्टी पाहायले येणाऱ्याले बुंध्याशी काय घेणं-देणं? पण एवढी अक्कल साहेबाले असती तर! तुमी मात्र एका साजाच्या झाडापाशी ब्रश घेऊन थांबले. "इथं पाखरू बसलं आहे. उडालं का पट्टा मारतो."

"कहाँ है?" साहेब सालीले नाक लावून पाहून राहिला. आंधळाच तो! तुमी किती सबुरीनं सांगितलं, "सालीच्या भेगा दोन्ही अंगाले कधी सारख्या नसतात साहेब. जिथं डावी-उजवी नक्षी सारखी दिसली, तिथं पंख समजा." गँग खिदळली.

मग साहेबानं मले बोलावलं. मी गँगची हजेरी लिहिणारा टाइमकीपर, मॅट्रिक झालेला, पक्क्या नोकरीसाठी त्याच्या मागंमागं फिरणारा. "तू पढ़ा-लिखा है. तू बता."

मले दिसलं होतं, बाबा! पतंगाचे राखाडी पंख, सालीले अगदी चिपकलेले, सावलीसुद्धा पडत नव्हती. आणि मी म्हटलं, "नहीं साहब, कुछ नहीं है." थू माह्या जिंदगीवर!

  मले दोन थापडा तरी मारायच्या होत्या! तुमी ब्रश चुन्यात बुडवला आणि मारला पट्टा. ते येडं पाखरू उडालंच नाही, आपण कोणाले दिसत नाही ह्याच भरवशावर बसून राहिलं. चुन्यात फडफडलं तेव्हा आतले हळदीवानी पिवळे पंख दिसले, ते फक्त तुमाले आणि मले. बाकीचे हसत हसत पुढच्या झाडाकडे गेले होते.

मी पक्का झालो. तुमचं नाव मरेपर्यंत 'पाखरूवाला पागल' राहिलं. त्यानंतर तुमी मले एकही पाखरू दाखवलं नाही.

उद्या सकाळी हजेरीले सगळी गँग उभी राहीन, साहेबही राहीन. तिथं सगळ्यायसमोर सांगतो, माहा बाप खरं बोलून राहिला होता, आणि मी पाहूनही नाही म्हटलं. मंग साहेबानं काय करायचं ते करावं.

तुमचा पोरगा,
वसंता